टायटलमामांचं बोट

माझ्या मामांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट वर गेलं, की मैसूरच्या त्यांच्या घरात कुणी खोकायचंसुद्धा नाही, असा नियम होता. टीव्हीवर मालिकेचं शीर्षकगीत लागलेलं असायचं. ते संपेपर्यंत बोट हवेत. संपलं की बोट खाली, आणि मग खुशाल गप्पा मारा, भांडा, भांडी आपटा. मालिकेतल्या माणसांचं पुढं काय होतं याच्याशी मामांना फारसं देणंघेणं नव्हतं. पुष्कळदा तर गाणं झालं की ते उठून झाडांना पाणी घालायला जायचे. "टायटलमध्ये सगळं सांगून टाकतात गं. मग वर्षभर सुम्ने ताणत बसतात," असं म्हणायचे. सुम्ने म्हणजे उगाच. शेजारच्या मुलांनी त्यांचं नाव टायटलमामा ठेवलं, आणि ते त्यांना इतकं आवडलं की फोनवरही स्वतःची ओळख तशीच करून द्यायला लागले.

मतं तर त्यांच्याकडे पोत्यानं होती. ज्या पिक्चरमध्ये इंटरवलपर्यंत कुणी जेवत नाही, तो पिक्चर खोटा. हिरो कसाही चालेल, व्हिलनचा आवाज चांगला पाहिजे. मालिकांमधल्या चहाच्या कपांवर त्यांचा विशेष राग. "बघ, बघ, रिकामा कप! गरम चहाचा कप असा धरतात का? ह्यांच्या घरी कुणी कॉफी केली नाही काय कधी?" एका मालिकेनं मध्येच गाणं बदललं, तर मामांनी ती मालिकाच सोडली. मी समजूत घालायला गेले की कथा तीच आहे, माणसं तीच आहेत. तर म्हणाले, "दार बदललं. आता आत कोण राहतं, मला काय करायचंय?"

मराठी चॅनेल मैसूरला दिसावं म्हणून त्यांनी आमच्या लोकांच्या घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या आणि केबलवाल्याला नको नको करून सोडलं. शेवटी चॅनेल आलं. आमच्या कैक पिढ्या इथंच गेलेल्या, त्यामुळे आमच्या मराठीत निम्मं कन्नड. पहिल्या दिवशी मामांनी अर्धा तास ऐकलं आणि निकाल दिला, "मराठी आपलंच आहे. इस्त्री केलेलं आहे, येवढंच." मी आज हे जे इस्त्रीचं लिहिते आहे ना, ते त्याच चॅनेलवरच्या गाण्यांतून उचललेलं आहे. शाळेत मी मराठी कधीच शिकले नाही.

मामा सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. चूक दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा. गाणी टेप करण्यातही तेच. छोटा टेपरेकॉर्डर टीव्हीच्या तोंडाशी धरायचा आणि दोन बटणं एकदम दाबायची, हे काम सुधामामींचं, कारण त्यांचा हात स्थिर. मामा बोट वर करून उभे. गाणं संपलं की मामी हळूच विचारायच्या, "आय्ता? बोलू की आता?" आय्ता म्हणजे झालं का. दर वेळी हेच. आणि दर वेळी मामा वैतागायचे, कारण बटण बंद व्हायच्या आधीच मामींचा आवाज टेपमध्ये शिरलेला असायचा. मग रविवारी मामा दोन कॅसेटींच्या मोठ्या मशिनवर बसून त्याची स्वच्छ प्रत काढायचे. फक्त गाणं, मामींचं शेपूट छाटलेलं. कच्च्या कॅसेटवर पुढच्या आठवड्याचं गाणं चढायचं. कपाटात वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या कॅसेटींची रांग उभी राहिली. एकीतही चूक नव्हती.

मामी गेल्या त्या साली मी बी.एड. करत होते. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. तेव्हा आमच्याकडे फोन भिंतीवर असायचा, त्यात कुणाचा आवाज टिपून ठेवता येत नव्हता. मामा त्यानंतरही मालिका लावायचे, बोट वर करायचे. आता घरात गप्प राहायला सांगावं असं कुणी नव्हतं, तरी करायचे. मला ते बघवायचं नाही, म्हणून मालिका लागायच्या आत, सहालाच, मी तिथून निघायची.

पुढं बऱ्याच वर्षांनी, मी मैसूरातच विजयनगरला बिऱ्हाड केल्यावर, एका दुपारी गेले तर सगळ्या कॅसेटी जमिनीवर पसरलेल्या. मामा एकेक लावून शेवटाशी कान नेत होते. मला म्हणाले, "तिचा चेहरा आहे गं, फोटो आहेत. आवाज आठवत नाही. काल रात्रीपासून आठवतोय, येतच नाही. ह्यात कुठंतरी एखादी चूक राहिली असेल." मी त्यांच्याजवळ बसले. आम्ही तीन दिवस ऐकलं. मामांनी आपलं काम चोख केलं होतं. कुठंही काही राहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाट लावून घेतलं आणि म्हणाले, "साकु." पुरे. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी कीव आली, की मी कॉफी न घेताच निघाले.

मामांना जाऊन आता दीड वर्ष होईल. हल्ली मालिका फोनवर येतात आणि गाणं सुरू झालं की कोपऱ्यात ते वगळायचं बटण येतं. माझी मुलगी ते डोळे मिटून दाबते. मी तिचा हात धरते. "अम्मा, सगळं ऐकायला टाइम कुणाला आहे?" असं ती म्हणते. मामा असते तर त्यांनी ह्याला चांगलं झणझणीत उत्तर दिलं असतं.

पण सांगायचं राहिलं ते वेगळंच. मामा जायच्या आदल्या वर्षी मी आईला माहेराहून, हुणसूरहून, माझ्याकडे आणलं. तिची ट्रंक रिकामी करताना तळाशी एक कॅसेट सापडली. वर मामांच्याच अक्षरात 'रद्द'. मग आठवलं. मशिननं एकदा कच्चीच टेप चावली होती, गाणं वाकडं झालं होतं. मामांनी ती मला देऊन टाकली होती, "घे, तुझं काहीतरी भर ह्यात" म्हणून. मी काहीच भरलं नव्हतं. हुणसूरच्या आमच्या घरी रेकॉर्ड करायचं मशिनच नव्हतं.

मी त्याच संध्याकाळी ती घेऊन गेले. आत काय असेल याची मलाच खात्री नव्हती. मामांनी 'रद्द' वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि कॅसेट लावली. गाणं सुरू झालं. चावलेल्या जागी सूर बुडत होता, परत वर येत होता. मामांचं बोट सवयीनं वर गेलं. गाणं संपलं. आणि अगदी जवळून, आमच्या मधे बसल्यासारखा, मामींचा आवाज आला, "आय्ता? बोलू की आता?"

त्यावर मामांचाच तरणा आवाज, त्रासलेला, "सुम्नीर गं! गप्प बस जरा!"

आणि खट्.

मामांचं बोट अजून हवेतच होतं. ते त्यांनी हळूहळू खाली आणलं. टेपरेकॉर्डरकडे वाकून म्हणाले, "बोल. बोल गं, सुधा."

कॅसेट पुढं कोरीच होती. ती बाजू संपून बटण आपोआप वर येईपर्यंत आम्ही दोघं ऐकत बसलो.