मोरयाकाकी

पेणमध्ये, गणपतीच्या कारखान्यात अर्धा जन्म काढून जिनं 'गणपती' हा शब्द एकदाही तोंडातून काढला नाही, अशी बाई मी एकच पाहिली. तिच्या नवऱ्याचं नाव गणपत. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूनं लग्नातच तिला बजावलं होतं. आरती संपल्यावर सगळे 'गणपती बाप्पा' म्हणून ओरडत तेव्हा ही ओठ मिटून उभी राही. पुढचा 'मोरया' मात्र सगळ्यांच्या वर चढवी. म्हणून ती मोरयाकाकी.

माझ्या वडिलांच्या कारखान्यात ती साच्यातून निघालेल्या मूर्ती ओल्या ब्रशानं गुळगुळीत करायची. एखादं गिऱ्हाईक मुद्दाम विचारी, "काकी, हा कुठला देव?" ती म्हणे, "आमच्या ह्यांच्या नावाचा हाय, समजून घ्या." हळदीकुंकवाला उखाणा सुरेख घ्यायची, पण नावापाशी थांबायची. नाव शेजारणीनं म्हणायचं.

गणपतकाका डोलवीच्या कंपनीतून निवृत्त झाले आणि हळूहळू त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली. जेवायच्या वेळी काकी "अवो, अवो" करी, ते भिंतीकडे बघत बसत. डॉक्टर म्हणाले, लहानपणीच्या नावानं हाक मारून बघा. त्या संध्याकाळी काकी माझ्याकडे आली.

"तू मार गो हाक. त्यांची आई मारायची तशी, नुसत्या नावानं."

आजोबांच्या वयाच्या माणसाला एकेरी हाक मारायची! कसंबसं म्हटलं, "गणपत!" ते चटकन वळले. "व्हय आये," म्हणाले आणि ताटावर येऊन बसले. काकीनं पदर तोंडाला लावला. तेव्हापासून रोज मी हाक मारायची आणि तिनं भरवायचं.

पुढे माझं लग्न ठरलं, रोह्याला. बांगड्या भरायच्या दिवशी काकी शेजारी येऊन बसली.

"आता त्यांना हाक कोण मारील गो?"

"तूच मार ना, काकी."

"नि आयुष्य कमी झालं तर?"



पहिल्या माहेरपणाला आले, तर कारखान्यामागच्या त्यांच्या खोलीतून दबका आवाज येत होता, "गणपत... ये रे, भात निवतो." मी दारात उभी राहिले. मला बघून काकीनं मान खाली घातली, पण भरवणारा हात थांबवला नाही.

काका त्याच वर्षी थंडीत गेले. तेराव्याला एक नातेवाईक बाई काकीच्या देखत बोलून गेली, "हिनं नाव घेतलं, म्हणून गेला." मी उसळून उठणार, तोच काकीनं माझा हात धरला.

"बोलू दे गो. मलापन तीच भीती होती. पण नाव घेतलं नसतं तर उपाशी गेले असते ते."

मग डोळे पुसून ती उठली आणि त्या बाईला तिनं आग्रहानं पानावर बसवलं.