चौथ्या कोपऱ्यातला कापूस

सासऱ्यांच्या तेराव्याचे पाहुणे परत गेले आणि त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्यानं त्यांच्या खोलीत टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

खोलीच्या मधोमध उभं राहायचं, एक टाळी वाजवायची, मान तिरकी करून ऐकायचं आणि म्हणायचं, "आवाज घुमतोय." खोली रिकामी होती, घुमणारच. तीन वर्षं तिथं पलंग होता, औषधांचं टेबल होतं, बादली होती, आणि एक माणूस होता. तेव्हा काही घुमत नव्हतं.

माझ्या वयाच्या बायका नवऱ्याला 'हे' म्हणतात. मीही म्हणते, समोर असताना. इथं मात्र मी त्याला नवरा म्हणणार आहे आणि अरेतुरेच करणार आहे. त्या वर्षी तो जसा वागला त्याला अहोजाहो शोभत नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नवीन पनवेलला आमचं रो-हाऊस होतं, आजूबाजूला सगळे आमच्यासारखेच मुंबईहून जागेसाठी आलेले नोकरदार. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांना खालच्या मागच्या खोलीत ठेवलं, कारण बाथरूम जवळ होती. त्यांचं सगळं मीच केलं. भांडं देणं, पुसणं, पाठीच्या जखमा धुणं, तेल लावणं. मला किळस यायची, खोटं कशाला बोलू. कितीदा तरी हात धुऊन जेवायला बसले आणि ताटावरून तशीच उठले. त्या खोलीला एक वास होता. नारायण तेल, लघवी, फिनेल आणि खाली कुठंतरी एक गोडसर, आंबलेला असा. तो माझ्या केसांत बसायचा. माहेरी गेले की आई दारातच म्हणायची, आधी न्हाऊन ये.

नवरा रोज सकाळी दारापर्यंत यायचा. उंबऱ्याच्या अलीकडे उभा राहायचा, नाकाला रुमाल लावून विचारायचा, "बाबा, बरं वाटतंय ना?" आणि उत्तर यायच्या आत बूट घालायला जायचा. सासऱ्यांना एक वाक्य जुळवायला वेळ लागायचा. तेवढा वेळ त्याच्याकडे तीन वर्षांत एकदाही नव्हता.

एकदाच ते पूर्ण बोलले. दिवाळीचा पाडवा होता, म्हणून नवरा नाइलाजानं आत आला होता. सासऱ्यांनी चांगल्या हातानं माझ्याकडे बोट केलं आणि एकेक शब्द ढकलत म्हणाले, "माझ्यामागं ही खोली हिची. शिवणाचं मशीन इथं ठेव." लग्नाआधी मी शिवणाचा कोर्स केला होता आणि क्लास काढायचं माझ्या डोक्यात होतं, हे त्यांना ठाऊक होतं. मशीन जिन्याखाली बोळात पडलं होतं, दिवसासुद्धा दिवा लावावा लागे. नवरा म्हणाला, हो बाबा, नक्की. मी ते 'नक्की' जपून ठेवलं. त्यानंतर शेवटपर्यंत भांडं उचलताना ते मला पुरलं.

तर टाळ्या. त्याच्या दुबईच्या मित्रानं अॅम्प्लिफायर, पाच स्पीकर आणि एक ढब्बी पेटी पाठवली होती. ती पेटी जमिनीतून गुरगुरायची. नवऱ्याला घरात थिएटर करायचं होतं आणि त्यासाठी पाठीमागची, रस्त्यापासून लांब असलेली खोलीच हवी होती. मी मशीनची आठवण केली. तो हसून म्हणाला, "अगं, शिवणाला काय, कुठंही बसता येतं." गरज सरो, वैद्य मरो. मी काही बोलले नाही. आज त्या न बोलण्याचीही मला शिसारी येते.

त्यानं इंग्रजी मासिकं आणली. भिंतींवर लाकडी चौकटी बसवायच्या, त्यांत काचेची लोकर भरायची, वरून कापड. म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. आणि चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत तिकोनी खोके, कारण जाड आवाज म्हणे कोपऱ्यांत साचतो. त्यांना तो बेस ट्रॅप म्हणायचा. जाड आवाज साचतो हे त्याला मासिकात वाचून कळलं. त्या खोलीत काय काय साचलं होतं हे वाचायला मासिकाची गरज नव्हती.

चौकटी कुठं बसवायच्या हे ठरवायला आरसा लागतो. एकानं कोचावर बसायचं, दुसऱ्यानं भिंतीला आरसा टेकवून तो सरकवत न्यायचा. जिथं कोचावरच्या माणसाला आरशात स्पीकर दिसेल तिथं चौकट. बसणारा अर्थातच नवरा. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा तो सांगत होता, पुढं, अजून पुढं, मागं, थांब. मी बाथरूममधला आरसा छातीच्या उंचीवर धरून भिंतीला घासत चालले होते. 'थांब' म्हणाला तिथं मी पेन्सिलची खूण करायला आरसा बाजूला केला, तर मागं तेलाचा डाग. सासरे उशी लावून बसायचे तिथं त्यांचं डोकं टेकायचं. तीन वर्षांचा तेलकट, पिवळा, बरोबर डोक्याएवढा गोल. नवरा कोचावरून म्हणाला, बरं झालं, डाग झाकला जाईल, रंगाचं काम वाचलं.

चौकटींचे अभ्रे शिवले मी. जिन्याखाली, दिवा लावून. मरून रंगाचं जाळीदार कापड त्यानं दादरहून आणलं होतं. जी खोली माझ्या मशीनची होती, तिच्यावर दुसऱ्याचा ताबा पक्का करणारे अभ्रे माझ्याच मशीननं शिवले. शिलाई सरळ आली होती, याचं मला तेव्हा समाधानही वाटलं. असलं समाधान आपल्याला कोण शिकवतं कोण जाणे.

कामाला सुतार जवळच्या विचुंबे गावचा होता. साठीचा, कमी बोलणारा आगरी माणूस. काचेची लोकर पिवळीधमक, हात लावला की अंगात हजार सुया. तो तोंडाला टॉवेल गुंडाळून भरत होता, मी त्याच्या हातात तुकडे देत होते. दोघांच्याही कोपरापर्यंत लाल गांध्या उठल्या. तीन कोपरे भरले आणि लोकर संपली. नवऱ्यानं हिशेब करताना चौकटी धरल्या होत्या आणि एक कोपरा विसरला होता. ऑफिसात फोन केला तर म्हणाला, मला मीटिंग आहे, कापूसबिपूस काहीही भरा, पण आज संपवा, रविवारी लोक येणार आहेत.

सुतार म्हणाला, जुनी गादी असली तर बघा. त्या खोलीच्या माळ्यावर पाहुण्यांची एक गादी होती, असं मला वाटत होतं. तो शिडी लावून चढला आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक वळकटी खाली टाकली. ती आपटली आणि प्लास्टिक फाटलं. वास आला त्याच क्षणी मला कळलं.

सासरे गेले त्या दिवशी गुरुजींनी सांगितलं होतं की अंथरूण घरात ठेवायचं नाही, गाढी नदीवर नेऊन टाकायचं. नवरा गादी उचलायला त्या खोलीत गेला होता आणि पाच मिनिटांनी हात झटकत येऊन म्हणाला होता, टाकली. पाच मिनिटांत नदी कशी आली हे त्या गडबडीत मी विचारलं नाही. नदीपर्यंत जायचा कंटाळा आला म्हणून बापाची शेवटची गादी त्यानं डोक्यावरच्या माळ्यावर कोंबली आणि तोंड धुऊन दहावा-तेरावा केला.

सुतारानं गादीवरचा मोठा डाग पाहिला आणि दोन पावलं मागं सरला.

"वैनी, ही मयताची गादी हाय. आमी हिला हात नाय लावनार. तुमी पन नका लावू."

त्यानं हत्यारं आवरली, उद्या वरची पट्टी ठोकायला येतो म्हणाला आणि नळावर हात धुऊन निघून गेला. मी एकटी राहिले.

यानंतर मी काय केलं ते सांगायला मला लाज वाटते. मी कात्रीनं ती गादी उसवली. तीन वर्षं जे पुसलं, धुतलं, उन्हात टाकलं, तरी जे आत जिरलंच होतं ते गोळ्यागोळ्यांनी बाहेर काढलं आणि चौथ्या कोपऱ्यात भरलं. हा कोपरा पलंगाच्या उशाचा. भरताना मनात एकच होतं. बसू दे त्याला त्याच्या थिएटरात. पावसाळी दमट हवा आहे, खिडक्या फळ्या मारून बंद केल्यात. एका दिवशी त्याला हा वास येईल, तो बापाला ओळखेल आणि त्याच्या तोंडचं पाणी पळेल. मी ओकले नाही. वरून मरून कापड ताणून ठोकलं. संध्याकाळी त्याला सांगितलं, जुना कापूस भरला. त्यानं विचारलंसुद्धा नाही कुठला.

रविवारी दुपारी त्याचे साहेब, साहेबांची बायको आणि ऑफिसातले दोघे आले. आषाढ चालू होता. मी वडे तळत होते. आत हेलिकॉप्टर उडायला लागलं, कपाटातली भांडी थरथरली. अर्ध्या तासानं साहेबांच्या बाई पदर नाकाला लावून बाहेर आल्या आणि ओट्यापाशी येऊन पाणी मागितलं. मग साहेब आले. पिक्चर अर्धवट राहिला. वड्यांना कुणी हात लावला नाही.

नवरा स्वयंपाकघरात आला. मी गॅस बंद केला आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. याच घटकेची मी वाट बघत होते.

"कसला वास आहे गं हा?" त्यानं विचारलं.

"ओळखीचा नाही वाटत?"

त्यानं खरंच विचार केला. नाक वर करून पुन्हा हुंगलं.

"नाही," तो म्हणाला. "उंदीर मेला असेल."

तो खोटं बोलत नव्हता. मी त्याचं खोटं ओळखते. त्याला खरोखर माहीत नव्हतं. माहीत कसं असणार? तीन वर्षं तो उंबऱ्याच्या अलीकडे रुमाल लावून उभा होता. बापाचा वास ओळखायला बापाजवळ जावं लागतं. माझा सगळा सूड एका मुलावर बेतलेला होता, आणि असा मुलगा या घरात नव्हताच. तेव्हा मला त्याची जेवढी घाण वाटली तेवढी त्या गादीची कधीच वाटली नव्हती. आणि त्याच्या खालोखाल स्वतःची. बिचाऱ्या म्हाताऱ्याला मी भिंतीत चिणून ठेवलं होतं, नवऱ्याला टोचायला.

महिनाभर त्यानं फिनेल ओतलं, उदबत्त्या लावल्या, उंदरांचं औषध टाकलं. गणपतीच्या आत सगळं सामान उचलून हॉलमध्ये नेलं. मग एका सकाळी चहा पिता पिता मोठ्या मनानं म्हणाला, "ती खोली तू घे. तुला शिवणासाठी हवी होती ना?" दिलेल्या शब्दाची त्याला आठवणही नव्हती. माझी हक्काची खोली मला अशी मिळाली, कुणालाच नको झाल्यावर.

तो ऑफिसला गेल्यावर मी सुताराला बोलावलं. कापड फाडून सगळा कापूस पोत्यात भरला. भरण्याचं काम मीच केलं, त्याला हात लावू दिला नाही. त्यानं सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधलं आणि आम्ही दोघं चालत गाढीवर गेलो. स्मशानाच्या कडेला त्यानं पोत्यावर रॉकेल ओतलं आणि काडीपेटी माझ्या हातात दिली. ओला कापूस धुमसत राहिला, चांगला तासभर. तो विझेपर्यंत मी सासऱ्यांची माफी मागितली. परतताना त्यानं माझ्या नवऱ्याबद्दल विचारलं, साह्यबांना ठाव हाय का? मी नाही म्हणाले.

डागावरची चौकट मी काढून टाकली आणि मशीन त्या भिंतीला लावलं. डागावर रंग दिला नाही.

आठ दिवसांनी नवरा दारात आला. सवयीनं उंबऱ्याच्या अलीकडेच थांबला. वास गेलेला त्याच्या लक्षात आला होता. म्हणाला, "उंदीरच होता ना?"

सांगावं असं क्षणभर वाटलं. मग मी मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला आणि म्हणाले, "हो."

आजही घरी कुणी आलं आणि जुन्या थिएटरचा विषय निघाला की तो हसत हसत सांगतो, सगळं झकास जमलं होतं हो, पण भिंतीत उंदीर मेला.