अंबाक्कांची शनिवारची भाजी

अंबाक्का भाजी निवडू द्यायच्या नाहीत. बनशंकरीच्या आमच्या मराठी मंडळाच्या अंगणात दर शनिवारी सकाळी त्यांचा बाजार भरायचा. मी पुण्याहून या कानडी शहरात नवी आलेली. सवयीप्रमाणे वाकून चांगली वांगी वेगळी काढायला लागले, तर हातावर चापटच बसली. "पोरं निवडून घेतलीस काय ग पोटातून? वाकडी, किडकी, येतील ती घ्यायची." एवढं बोलून त्यांनीच माझी पिशवी भरून दिली. मी इतकी चकित झाले की भांडायचंही राहून गेलं.

शहराबाहेर, येलहंकाच्या पुढं मुनियप्पाचं शेत होतं. बाजारात दलाल त्याला रडवायचे, म्हणून अक्कांनी त्याला शब्द दिला होता की तू पिकवशील ते सगळं आमची माणसं घेतील. मंडळातली घरं जुनी, कित्येक पिढ्यांपासून इथली, बोलण्यात निम्मं कन्नड, आणि आता सगळे बँकांत नाहीतर कचेऱ्यांत. त्यांना अक्का दटावायच्या, "ताटात येतं ते कुठं उगवतं, ते एकदा बघून या की."

त्यासाठी दर हिवाळ्यात, अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा भरल्या की, सहल निघायची. मुनियप्पाच्या बायकोच्या हातचे नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेल्या पिठाचे गोळे, आणि शेंगांचं सारू. मी मुद्दा चावत बसले तर अक्का म्हणाल्या, "गिळ ग. स्वल्प धीर धर आणि गिळ." जेवण झालं की पुरुषमंडळी बांधावरून फिरायची. काय हवा, काय पाणी, असं त्यांचं चालायचं. अक्का कौतुकानं त्यांच्याकडे बघत राहायच्या.

एका शनिवारी मुनियप्पा आला तो रिकाम्या हातानं. म्हणजे भाजी नव्हती, म्हैसूरपाकाचा डबा होता. अंगात नवा पांढरा शर्ट. अक्कांच्या पाया पडून तो कन्नडमध्ये म्हणाला, "तुमच्यामुळं झालं, अक्का. तुमचीच माणसं, म्हणून विश्वासानं दिली."

काय दिली, हे कळायला आम्हाला वेळ लागला. त्यानं जमीन विकली होती. आणि घेतली होती आमच्या मंडळातल्या लोकांनी, सगळ्यांनी मिळून, साइट, म्हणजे प्लॉट, पाडून घरं बांधायला. सारू वाढून घेणारे तेच सगळे. खरं सांगते, कुणी मेल्याची बातमी ऐकूनही मी इतकी हादरले नव्हते.

तेवढ्यात अक्कांचे यजमान, माधवअण्णा, हसत पुढं आले. "तुला शेवटी सांगणार होतो. एक साइट तुझ्या नावानं घेतली आहे. विहिरीजवळचा कोपरा मुद्दाम मागून घेतला, तुला आवडतो ना."

अक्का हातात डबा धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "विहिरीजवळ वांगी होती."

याहून मोठा धक्का पुढच्या शनिवारी बसला. माणसं पिशव्या घेऊन आली. नेहमीसारखी, हसतखेळत. "भाजी नाही का आज?" शेत गेलं म्हणजे भाजीही गेली, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला तर एकेकाला धरून हलवावंसं वाटत होतं. एक गृहस्थ म्हणाले, "मग दुसरा कुणी बघा ना, अक्का." आता या काय बोलतात म्हणून मी अक्कांकडे बघितलं. अक्का म्हणाल्या, "सरी, बघते."

आणि त्यांनी खरंच बघितला. काही आठवड्यांनी अंगणात एक म्हातारा शेतकरी टेम्पो घेऊन आला. कमी बोलणारा. भाजी पुन्हा सुरू झाली, चापटाही सुरू झाल्या. फक्त हिवाळ्यात कुणी सहलीचं विचारलं की उत्तर एकच, "यंदा नाही." म्हाताऱ्याचं गाव त्यांनी अण्णांनाही सांगितलं नाही.

मी एकदा लाडीगोडी लावली, "अक्का, मला तरी सांगा."

"तुला सांगेन, तू नवऱ्याला सांगशील. चांगला माणूस आहे तो," त्या म्हणाल्या. "सगळी चांगलीच होती ग माणसं."

अक्का गेल्या त्या अचानक. स्वयंपाकघरात चूल पेटवता पेटवता. म्हाताऱ्याला कळवायचं तर कुठं कळवणार? शनिवारी तो नेहमीसारखा आला. मीच सांगितलं. तो पायरीवर मटकन बसला, मग उठून त्यानं सगळ्या टोपल्या अंगणात उतरवून रिकाम्या केल्या.

अण्णा बाहेर आले. रडून डोळे सुजले होते. त्यांनी म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. "तिचा फार जीव होता तुमच्यावर. एकदा सगळ्यांना घेऊन येतो तुमच्याकडे, तिच्या आठवणीसाठी. गाव कुठलं तुमचं?"

अण्णा अगदी मनापासून विचारत होते.

म्हाताऱ्यानं हात हळूच सोडवून घेतला. "दूर आहे, सामी," तो म्हणाला. "बहळ दूर." आणि रिकाम्या टोपल्या टेम्पोत टाकायला लागला.