चिवड्याचे बुधवार

आमच्या गेवराईतलं महिला अभ्यास मंडळ कसं सुरू झालं, असं कुणी विचारलं की काकू सांगते, ज्ञानासाठी. ते खरंच आहे. पण पहिले दीड-दोन महिने ते खाण्यावर चाललं, आणि त्याला मी जबाबदार होते.

काकूचं शिक्षण दहावीपर्यंत. लग्नानंतर तिची दुपार किराणा दुकानाच्या गल्ल्यावर जाऊ लागली. पंचवीस वर्षांनी तिनं दुकानामागच्या खोलीतली पोती हलवली, सतरंजी टाकली आणि गल्लीतल्या सात जणींना बोलावलं. नियम तिचाच. प्रत्येकीनं विषयाची चिठ्ठी उचलायची आणि आपल्या बुधवारी दहा मिनिटं बोलायचं. नाही बोललं तर दंड म्हणून सगळ्यांसाठी खायला आणायचं.

पहिली पाळी माझी. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणजे मला सगळं येत असणार. चिठ्ठीत निघालं ‘आपली नदी’. मला चारचौघांत बोलता येत नाही. त्यात मी इंग्रजीत विचार करून मराठी शब्द शोधेपर्यंत लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. मी लसूण घालून मुरमुऱ्यांचा चिवडा केला. तो इतका आवडला की न बोलल्याबद्दल मला फार अपराधीही वाटलं नाही.

तिसऱ्या बुधवारी समोरच्या घरातली सून, माहेर युसूफ वडगावचं, धपाटे घेऊन आली. तिला ‘संसद’ निघाली होती.

“मला संसद येत न्हाई,” ती म्हणाली, “धपाटे येतेत.”

मग शिवणकाम करणाऱ्या मावशींनी वांग्याचं भरीत आणलं. दंडाची चढाओढ लागली. काकूच्या वहीत तारखा होत्या, त्यांच्याखाली काही नव्हतं.

सहाव्या बुधवारी सगळ्या गेल्यावर काकू सतरंजी झटकत म्हणाली, “भरताची चव मला आधीच ठावं हाय गं. दहावीच्या पुढचं कायतरी कानावर पडंल, असं वाटलंतं. पुढच्या बारीला कुणी बोललं न्हाई तर पोती परत आत घेते.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या बुधवारची पाळी मी मागून घेतली आणि रिकाम्या हातानं गेले. सगळ्यांनी आधी माझे हातच पाहिले. दोन पानं लिहून आणली होती, ती पर्समध्येच राहिली.

“लहानपणी मी नदी पाहिली नव्हती,” मी म्हणाले. “स्कूलबसमधून वाळूचे टिप्पर दिसायचे. मागून पाणी गळायचं. मला वाटायचं, नदी कुठंतरी राहायला चालली आहे.”

मी सतरंजीकडे बघत होते. संपलं, असं मला वाटलं.

“चाललीच व्हती की,” मावशी म्हणाल्या.

दाराशी बसलेल्या वहिनींच्या घरी टिप्पर आहे. “आमच्याकडं बघून बोलू नको,” त्या म्हणाल्या.

“ती कुटं बघायली? खाली बघून बोलायली बिचारी,” मावशी म्हणाल्या. सगळ्या हसल्या, वहिनीही. मग त्यांनीच विचारलं, वाळू काढायची नाही तर घरं कशानं बांधायची? मी वाळू गेली की आटणाऱ्या विहिरींबद्दल जे वाचलं होतं ते सांगू लागले. मध्येच संसदवाली बोलली, मग मावशी. काकू खाली मान घालून लिहीत होती.

दहा मिनिटं होऊन गेल्याचं मीच तिला सांगितलं. तिनं घड्याळाकडे न बघता पान उलटलं.

संसदवालीनं त्या दिवशीही आणलेले धपाटे दाराबाहेरच्या पोत्यावर तसेच राहिले. संध्याकाळी त्यांना मुंग्या लागल्या होत्या.