पाटावरचा कंट्रोलर

खंडेनवमीला मी लेकीच्या व्हिडिओ गेमच्या रिमोटला हळदकुंकू वाहिलं, ही पहिली चूक. ओलं वाहिलं, ही दुसरी. आणि त्याला मी अजून रिमोटच म्हणतो, ही तिसरी. कंट्रोलर म्हणायचं असतं.

माझं काम यंत्रमाग दुरुस्तीचं. त्यामुळं खंडेनवमीला आमच्या पाटावर पाना, पक्कड, पेचकस, हातोडा अशी मंडळी पुसूनबिसून बसतात. पूजा मांडताना टीव्हीपुढं तो कंट्रोलर दिसला आणि मला खवचट विनोद सुचला. मी तो पक्कडीशेजारी ठेवला, तांब्यातलं पाणी शिंपडलं, कालवलेल्या हळदीचं बोट एकेका बटणावर टेकवलं, वर झेंडू ठेवला. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली लेक आंघोळ करून आली, तेव्हा म्हटलं, "ये, तुझं शस्त्र पुजलंय. उद्या कुणाचं डोकं फोडायचंय?"

ती हसली नाही. फूल उचलून बाजूला ठेवलं आणि ओढणीनं बटणं पुसायला लागली.

"उद्या माझी स्पर्धा आहे. जिंकले तर पुढच्या फेरीला पुण्याला जायला मिळणार आहे. वर्षभर थांबलेय मी. तुम्हाला माहीत होतं, पप्पा."

"माहीत होतं म्हणून तर पुजलं की."

"चेष्टा करायला पुजलं."

खरं होतं, म्हणून मला राग आला. "त्या जपानी कार्टूनांना बुकलून बुकलून तुला कुठली नोकरी लागणार हाय?"

"ते कार्टून मला तुम्हीच दाखवलंय," ती म्हणाली आणि दार आपटलं.

हेही खरं होतं. लहानपणी तिला कावीळ झाली होती. महिनाभर अंथरुणात. मी जेवणाच्या सुट्टीत घरी यायचो आणि तिच्याशेजारी बसून हिंदीत बोलणारं ते जपानी कार्टून बघायचो. त्यातला वीर एक ठोसा मारायच्या आधी दोन दिवस नुसता ओरडायचा. डावा हात आभाळाकडं, उजवी मूठ कमरेशी. कामावर परत निघताना मी दारात तस्साच उभा राहायचो. पोटामुळं वीर कमी आणि रिक्षा थांबवणारा जास्त वाटायचो, पण पिवळ्या डोळ्यांची ती पोरगी उशीवर लोळून हसायची. पुढं त्याच कार्टूनवरनं हाणामारीचा गेम निघाला. ती त्यातला तोच वीर घेऊन खेळते, दुसरा घेत नाही.

दसऱ्याला दुपारी बायकोनं फर्मान काढलं, "तिला गाडीवर सोडून या. आन् तोंड उघडू नका."

होटगी रोडवरच्या स्पर्धेच्या हॉलपर्यंत आम्ही दोघं मुकाट. मध्ये तिची सॅक, भिंतीसारखी. आत प्रत्येकानं आपापला कंट्रोलर आणलेला. मी मागच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसलो. लिहायला लाज वाटते, पण ती लवकर हरावी आणि पुस्तकाला लागावी, असंच मनात होतं.

पहिला सामना ती जिंकली. दुसऱ्यात समोर एक चष्मेवाला तरुण. मध्येच पडद्यावर सगळं थांबलं. तेच संगीत, तेच आभाळ, वीराचा डावा हात वर. कार्टूनमधला तो क्षण जसाच्या तसा गेममध्ये उचलून ठेवलेला. माझाही डावा हात आपोआप वर गेला.

शेजारचा म्हणाला, "काका, काय विचारायचंय का?"

हात खाली घेतला आणि पडद्याकडं बघितलं, तर काहीतरी बिघडलं होतं. वीर दोन्ही हात तोंडापुढं धरून उभा. समोरचा हाणतोय, हा हलत नाही. लेक नखानं एक बटण उकरत होती. अडवायचं बटण. दाबलं गेलं ते वर येईना. वीर तसाच मार खात उभा राहिला आणि तसाच पडला.

ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. बटणाच्या फटीत वाळलेली हळद होती.

"बघा."

मी म्हणालो, "पक्कड आणायला पाहिजे होती."

ती सिटी बसनं घरी गेली.

संध्याकाळी तिनं आईला सोनं दिलं, पाया पडली. खालच्या मजल्यावर जाऊन सगळ्यांना देऊन आली. मी खुर्चीत पाय पुढं करून बसलो होतो, तिला वाकायला सोपं जावं म्हणून. ती पायांना वळसा घालून आत गेली. हातात आपट्याची पानं शिल्लक होती, मला दिसली.

मी उठलो. तिच्या खोलीच्या दारात उभा राहिलो, डावा हात वर केला, उजवी मूठ कमरेशी घेतली. तिनं माझ्याकडं नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. मग दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळू लावलं. ते जास्त लागलं.

वळलो तर मागं बायको. सांगोल्याकडची हाय, शब्द वाया घालवत नाही.

"पुढच्या खंडेनवमीला पाटावर तुमची जीभ ठेवा," ती म्हणाली. "या घरात तिलाच लई धार हाय. आन् तो हात खाली घ्या आता, पंखा लागंल."