डाळ शिजेल तिथं मुक्काम

भावसिंग राठोडाच्या ओसरीत १९६३ सालच्या उन्हाळाभर विटेचे तीन तुकडे मांडलेले होते. पहिला यवतमाळ, दुसरा वर्धा, तिसरा अमरावती. मधल्या मोकळ्या जागेत तुरीचे दाणे ओळीने लावलेले. एक दाणा म्हणजे बैलगाडीचा एक मुक्काम. कोंबड्या येऊन दाणे टिपायच्या, भावसिंग त्यांना हाकलून पुन्हा मांडायचा, आणि दरवेळी एखादा मुक्काम इकडचा तिकडे व्हायचा.

बोरी अरबपासून दोन मैलांवर त्यांचा तांडा. भावसिंगची मुलगी रामी रोज तिथून चालत जाऊन शिकली आणि मार्चमध्ये मॅट्रिकला बसली. तांड्यातून मॅट्रिकला बसलेली ती पहिलीच मुलगी. तिला कॉलेजात घालायचं हे भावसिंगने परीक्षेच्या आधीच ठरवलं होतं. कुठल्या कॉलेजात, ते मात्र पाहिल्याशिवाय ठरणार नव्हतं. त्यासाठी तो, बायको बसंतीबाई आणि रामी असे तिघे गाडीने तिन्ही गावं पाहून येणार होते.

भावसिंग स्वतः शाळेची पायरी चढला नव्हता. अकरा एकरांत कपाशी आणि तूर पेरायची, एवढाच त्याचा व्यवसाय. पण त्याच्या आज्याने रेल्वे येण्याआधीच्या दिवसांत बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. त्या लदेणीचे कायदे भावसिंगला तोंडपाठ होते. तांडा कुठेही उतरण्याआधी एक माणूस अर्धा दिवस पुढे जायचा. तिथल्या विहिरीचं पाणी काढायचं, तीन दगड मांडायचे आणि मूठभर तुरीची डाळ शिजत घालायची. डाळ शिजली तर पाणी चांगलं. दडदडीत राहिली तर माल उतरवायचा नाही. आज्याच्या तांड्यात हे काम आजी करायची, पाठीला मूल बांधून. हे सांगताना भावसिंगचा आवाज किंचित चढायचा.

आता तेच तो कॉलेजांना लावणार होता. बोरीच्या शाळेचे हेडमास्तर सदाशिवराव यांना त्याने ते सांगितलं, तेव्हा मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"भावसिंग, कॉलेजात जाऊन डाळ शिजवणार?"

"पोरगी तिथं चार साल राह्यणार हाय, मास्तर. पोट बिघडलं तं तुमच्या बुकानं दुरुस्त होते काय?"

मास्तरांनी चष्मा उचलून पुसायला घेतला.

बारा जूनला निकाल लागला. रामी दुसऱ्या वर्गात पास झाली. भावसिंगने गाडीला वंगण घातलं, बैलांच्या गळ्यात नव्या घुंगरमाळा बांधल्या आणि सोळा तारखेला निघायचं जाहीर केलं. जायला, यायला आणि प्रत्येक कॉलेजाशी दोन दोन दिवस थांबायला मिळून तीन आठवडे.

तांड्याचा नायक गुलाबसिंग ओसरीत येऊन बसला. विटेचे तुकडे त्याने बराच वेळ न्याहाळले.

"मिरगात बैल घेऊन चालला. पेरणी कोन करीन? कॉलेजातले मास्तर?"

"साळा करीन ना माहा. बोलून ठेवलं हाय त्याले."

"आन बैल? तेबी साळ्याचेच काय?"

"साळ्याचेच हायेत," भावसिंग म्हणाला. "तू कायले जळून राह्यला?"

गुलाबसिंग हसला आणि तंबाखू मळू लागला. त्याच वेळी रामी शाळेतून दाखला घेऊन आली. तिच्या हातात सदाशिवरावांनी लिहून दिलेला एक कागद होता. ती ओसरीत उकिडवी बसली आणि तुरीच्या दाण्यांवर बोट ठेवत मोजू लागली. शेवटच्या विटेशी पोचल्यावर ती थांबली.

"बा, आपन अमरावतीले कवा पोचतो?"

"एक तारखेले. पाऊस आडवा आला तं तीन."

"यवतमाळचे फारम पंचवीस तारखेलोक घेतात. वर्ध्याचे अठ्ठावीस. अमरावतीचे तीस."

भावसिंगला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. तो काही एका गावी अर्ज देऊन मोकळा होणार नव्हता. तिन्ही पाहून, त्यातलं एक पसंत करून, मग मागे वळायचं, असा बेत होता. बाजार असाच करतात.

"मंग? बाजार काय पळून जाते? आठ दिवस उशिरा गेलो तं हाकलून देतीन?"

"हो. हाकलून देतात. वरीस जाते."

तीन महिन्यांच्या आखणीत भावसिंगने घाट मोजले होते, नदीचा उतार मोजला होता, कळंबच्या आणि देवळीच्या विहिरींची चौकशी केली होती. कॉलेजाचं दार एका ठरावीक दिवशी बंद होतं, हे त्याच्या हिशेबात कुठेच नव्हतं. रामी घरी बसली तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत स्थळं येतील, आणि सतरा वर्षांच्या मुलीला स्थळ नाकारत बसणं तांड्यात सोपं नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

"पाहिल्याबिगर मी पोरगी ठेवत नाही," तो शेवटी म्हणाला. आवाज खाली आला होता.

बसंतीबाई दारात उभी होती. "अख्खा तांडा जात होता काय पानी पाहाले?" तिने विचारलं. "का तुमची आजी एकलीच जात होती?"

भावसिंगने तिच्याकडे पाहिलं. मग उठून मडक्यातली मूठभर डाळ काढली आणि फडक्यात बांधून रामीपुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी मायलेकी मोटारीने यवतमाळला गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परतल्या. भावसिंग बांधावरच उभा होता. रामीने आधी कॉलेजातून आणलेला फॉर्म दाखवला नाही. पितळी डबा उघडून पुढे केला. भावसिंगने बोटांनी एक दाणा उचलला, दाताखाली धरला आणि थुंकला.

"कच्ची."

"दोन घंटे शिजवली," रामी म्हणाली. "मुलींच्या वसतिगृहाची विहीर हाय. खारं पानी हाय, बा."

खोटं बोलायला तिला वाटभर सवड होती. घरची शिजवलेली डाळ डब्यात भरणंही अवघड नव्हतं. भावसिंगच्या ते लक्षात आलं, आणि तो बांधावरच खाली बसला.

"त्या वसतिगृहात किती पोरी हायेत?"

"अकरा."

"त्या काय खातात?"

"डाळच. खायाचा सोडा टाकून शिजवतात. वार्डनबाई म्हने, ह्या गावात असंच शिजते."

"तिथं तुह्या ओळखीचं कोनी?"

"कोनी नाही. एक पोरगी पांढरकवड्याची हाय. तिनं मले जागा दाखवली, खिडकीजवळची."

"आन बाजार?" भावसिंगने विचारलं.

बाजार म्हणजे काय, हे रामीला समजावून सांगावं लागलं नाही. "पुस्तकाची एक खोली हाय, आपल्या घराहून मोठी. वरपर्यंत भरली हाय. मी उभी राहून पाहिली. आतमंदी जाऊ दिलं नाही, फारम भरल्याबिगर जाऊ देत नाही."

आज्याने सांगितलेला एक कायदा भावसिंग आजवर कुणाला सांगत नसे, कारण तो पहिल्या कायद्याला खोटा पाडायचा. बाजार मोठा असला तर तांडा खाऱ्या पाण्यावरही उतरायचा.

"कुठं अंगठा लावाचा?" त्याने विचारलं.

रामीने फॉर्म काढला. बसंतीबाईने दौत धरली. चोवीस तारखेला अर्ज यवतमाळला पोचला.

जुलैत, पेरणी आटोपल्यावर, भावसिंगने गाडी जुंपलीच. दहा कोसांसाठी वाटेत एक मुक्काम केला. त्या मुक्कामाच्या विहिरीवर त्याने डाळ शिजवली, ती शिजली. वर्धा आणि अमरावती त्याने पुढे कधीच पाहिली नाहीत. वसतिगृहाच्या दारात रामीची पेटी उतरवताना वार्डनबाईंनी आत काय काय आहे ते विचारलं. दोन लुगडी, वह्या, घोंगडी आणि बोरीच्या बाजारातून आणलेली शेरभर खायच्या सोड्याची पुडी.

"एवढा?" बाई म्हणाल्या.

"बारा पोरींसाठी हाय," भावसिंग म्हणाला, आणि बैल सोडून पाणी पाजायला विहिरीकडे गेला.