तारेच्या ब्रशवाले भाऊजी

आमच्या भाऊजींना काळं चालत नसे. काळं म्हणजे कुठलंही. तव्याची पाठ, कढईचं बूड, दाराच्या कडीवरचा मळ. दिसलं की त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा. "मले काळं दिसलं का पोटात ढवळते," म्हणायचे आणि बाह्या सारायचे. माझ्या ताईचे हे यजमान बाभुळगावातल्या एका कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा पंगतीत बसल्या बसल्या वाढायच्या आधी ताट उलटं करून पाहिलं होतं. ताटाची पाठ! आई जी आत जाऊन बसली, ती जेवणं उरकेपर्यंत बाहेर आली नाही. या माणसाशी आपलं जमायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं. पुढे जमलं, तो भाग वेगळा. पण चिडचिड शेवटपर्यंत गेली नाही.

त्यांचं लाडकं हत्यार म्हणजे तारेचा ब्रश. लाकडी मुठीचा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो. गेट रंगवण्याआधी गंज खरवडायला लोक नेतात. न्हाणीघरामागच्या खिळ्यावर तो टांगलेला असे. त्या ब्रशाची आठवण आली तरी मला अजून मळमळतं. तारा वाकड्यातिकड्या झालेल्या, मध्येच टक्कल पडलेलं, बुडाशी गंज, जुनं तेल आणि जळक्या सालींचा घट्ट लगदा बसलेला. याच ब्रशाने भाऊजी गेट घासत, स्कूटरचं मडगार्ड घासत आणि त्याच ब्रशाने वांगी भाजायची जाळी.

"भाऊजी, सकाळी यानंच गेट घासलं ना तुमी?" मी नाक दाबून विचारायची.

"हाव. मंग साबणानं धुतला ना बाप्पा! धुतल्यावर काय राह्यते त्याच्यात?"

माणसाचे केस गळले तर निदान उशीवर सापडतात. या ब्रशाच्या गळलेल्या तारा जातात कुठे, हे मात्र त्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळे जाळीकडे बघायचे. जाळी आरशासारखी लखलखायची आणि भाऊजी ती उन्हात धरून सगळ्यांना दाखवायचे. बायकांना तर ते जाळीचं उदाहरण देत. पोरगी दाखवायला आणल्यासारखी ती जाळी हातोहात फिरायची, आणि मला तो सगळाच प्रकार डोक्यात जायचा.

हिवाळा लागला की त्यांच्या वावरात भरताची पार्टी ठरलेली. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ करायचा, निखारे झाले की दोन्ही बाजूंना विटा लावून त्यावर जाळी ठेवायची आणि वर वांगी. आमच्याकडची वांगी चवीला लाखात एक, पण देठाला काटे. हात लावला की बोटात घुसलाच. भाऊजी एक खेप भाजून झाली की गरम जाळीवर पुन्हा खसाखसा ब्रश मारायचे, आणि लगेच पुढची खेप चढायची. मग सोललेल्या वांग्यात हिरवी मिरची, पातीचा कांदा आणि सांबार पडायचा. कोथिंबिरीला आम्ही सांबारच म्हणतो. कालवायला भाऊजी पळी वापरत. हात नाही लावायचे. हात काळे होतात ना!

पण एक गोष्ट होती. भरीत झालं की भाकरीचा तुकडा मोडून पहिला घास ते ताईच्या तोंडात घालायचे. सगळ्या गोतावळ्यासमोर, सासू-सासरे होते तेव्हा त्यांच्याही समोर. "पह्यला घास तुह्या ताईले," मला डोळा मारून म्हणायचे, "माहं घर तिनं चकचकीत ठेवलं." ताई लाजून पदर तोंडाशी न्यायची आणि "चला, काहीच्या काही!" म्हणत घास घ्यायची. आमच्या घराण्यात कुठल्याही पुरुषाने बायकोला चारचौघांत असा घास भरवलेला मी पाहिला नाही. त्या एका घासासाठी मी त्यांचं ताट उलटं करणं माफ केलं होतं.

त्या वर्षी तोच घास घेतला आणि ताईने गळ्याला हात लावला. "टोचलं काहीतरी."

"वांग्याचा काटा असंन," भाऊजी म्हणाले.

झालं! वांग्याचा काटा आमच्या प्रत्येकाच्या बोटात कधी ना कधी घुसलेला, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. जो तो वैद्य झाला. कुणी कोरड्या भाकरीचा गोळा गिळायला लावला, कुणी केळं कोंबलं, कुणी तुपाची वाटी पुढे केली. भाऊजींची बहीण पाठीत गुद्दे घालत होती. त्यांच्या नात्यातली एक बाई तर घशात बोट घालून काटा काढते म्हणाली. नुकतीच तंबाखू मळलेलं बोट! शी! मी तिचा हात झटकला, तर तीच माझ्यावर डोळे वटारते. आणि आमची ताई शहाण्या मुलीसारखी दिलेला प्रत्येक गोळा गिळत होती. "जाईन खाली, काटा विरघळते," असं सगळे म्हणत होते. तो प्रत्येक गोळा आतलं खुपणारं टोक आणखी खोल दाबत होता, हे नंतर कळलं. ती पंगत आठवली की आजही मला त्या सगळ्या तोंडांची किळस येते. हसत होते, भुरके मारत होते, हनुवटीवरून तेल ओघळत होतं.

पुढे ताईला थुंकीसुद्धा गिळवेना. ताप चढला. भाऊजी मिठाच्या पाण्याचे पेले घेऊन तिच्यामागे. "काटाच हाय, निंघून जाईन." पार्टीनंतर मी यवतमाळला माझ्या घरी परतले होते. निरोप आला तशी गेले, ताईचा चेहरा पाहिला आणि तोंड सोडलं. "कायची वाट पाहून राह्यले तुमी? बायको मेल्यावर काटा काढता का?" तिला गाडीत घालून यवतमाळला आणलं.

डॉक्टरांनी फोटो काढून उजेडावर धरला. मानेच्या हाडांपुढे एक बारीक पांढरी रेघ होती. "वांग्याचा काटा फोटोत असा दिसत नाही," ते म्हणाले. "ही धातूची तार आहे. जेवणाची भांडी, जाळी वगैरे तारेच्या ब्रशाने घासता का?"

 भाऊजी त्या रेघेकडे बघत राहिले. मोहरीएवढा काळा डाग हेरणारा हा माणूस. ही तार मात्र चकचकीत होती. गरम जाळीला चिकटली, तिथून वांग्याला, वांग्यातून भरतात, आणि भरतातून थेट त्यांच्या बोटांत. "माह्याच हातचा घास," एवढंच ते म्हणाले.

तार अन्ननलिकेत आरपार रुतली होती, आत पू झाला होता. नागपूरला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. ताई वाचते की नाही, याची डॉक्टरही खात्री देईनात. नाकात नळी, मानेला पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांतून येणारा वास. मी जिन्यात जाऊन ओकून आले. त्या जिन्याच्या भिंती पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल-काळ्या झाल्या होत्या, आणि त्याच भिंतीला डोकं टेकून आमचे भाऊजी पायरीवर बसले होते. पांढऱ्या सदऱ्याला डाग लागत होते. त्यांना कळतही नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा मला या माणसासाठी भीती वाटली. ताईचं काही बरंवाईट झालं असतं, तर हा तिथून उठलाच नसता.

ताई वाचली. आवाज जरा घोगरा झाला, तो तसाच राहिला. घरी आल्यावर भाऊजींनी काय करावं? ब्रश कचऱ्यात टाकला तर कुणीतरी उचलून नेईल म्हणून अंगणात बसून पकडीने त्याची एकूण एक तार उपटली, पत्र्याच्या डब्यात भरली आणि झाकण ठोकून बंद केलं. त्यानंतर त्यांना नवंच वेड लागलं. पांढरकवड्याच्या रस्त्यावर कुठल्याही ढाब्यावर थांबलो की हे आधी भटारखान्यात शिरायचे. "जाळी कायनं घासता?" एका ढाबेवाल्याने तर हात धरून बाहेर काढलं. कबाबाची जाळी आणि शेजारी तारेचा ब्रश दिसला की ते पानावरून उठायचे. आम्हीही उठायचो, उपाशी.

पुतण्याने नागपूरहून नवी कोरी शेगडी आणली, ती कबाब-बिबाब भाजायची. सोबत लांब दांड्याचा ब्रश फुकट मिळालेला.

"काका, हा कंपनीचा आहे. याच्या तारा निघत नाहीत."

"निंघल्यावर कंपनी येते का गिळाले?" भाऊजी गरजले. मग कांदा अर्धा चिरून काट्याच्या चमच्याला टोचला, तापलेल्या जाळीवर चोळला, ओल्या फडक्याने पुसली. जाळी काळीच राहिली. "राहू दे काळं," ते म्हणाले. "काळ्यानं कोणी मरत नाही." भाऊजींच्या तोंडी हे वाक्य! मी ताईकडे पाहिलं. ती खाली मान घालून वांगी पुसत होती.

पुढच्या हिवाळ्यातल्या पार्टीत त्यांनी पळीला हात लावला नाही. परात पुढ्यात ओढली आणि दोन्ही हात भरतात घातले. चिमूट चिमूट करून बोटांनी चाचपत होते, सालीचा कण लागला तरी उजेडात धरून बघत होते. मनगटापर्यंत हात काळे. लोक भुकेने खोळंबलेले, कुणीतरी कुरकुरलंही. भाऊजींना घाई नव्हती. अखेर परात पुढे सरकवली आणि स्वतः मागे सरकले.

"मंग?" ताई आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "माहा घास कुठं हाय?"

"तू आपल्या हातानं घे वं," ते खाली बघत म्हणाले.

"कायले? एवढ्या वर्षांत कधी घेतला का म्या?" आणि तिने तोंड उघडलं.

 काळ्याकुट्ट बोटांनी त्यांनी घास केला, पुन्हा एकदा मोडून पाहिला आणि तिच्या तोंडात घातला. तिच्या ओठांना काजळी लागली. एरवी मला शिसारी आली असती. तेव्हा नाही आली. ताईने घास गिळेपर्यंत भाऊजी तिच्या गळ्याकडे बघत होते.

मग दर हिवाळ्याला हे असंच. गेल्या हिवाळ्यात भाऊजी पार्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. चहाचा कप हातात घेतला आणि तसेच मागे कलंडले. अंगणात पाटावर बसवून अंघोळ घालत होते. त्यांच्या धाकट्या भावाचं लक्ष हातांकडे गेलं. सगळ्या नखांत काजळी बसलेली. "दादाले काळं चालत नव्हतं," तो रडत म्हणाला आणि त्याने घासणी मागवली.

 ताई उठली, पुढे गेली आणि तिने भाऊजींचे हात आपल्या हातांत घेतले.

"घासू नका," ती म्हणाली. "राहू द्या ते काळं."